दोन डोक्यांचे खिळे

ता. ४ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद. पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. रागावलास तरी मला ऐकू येणार नाही. उजवा कान गेलाच होता, आता डावाही दगा देतोय. शेजारीण दारात उभी राहून ओरडते आणि मी तिला विचारते, "काय गं, अशी कुजबुजतेस काय?" तेव्हा फोनचं नाव काढू नकोस. आपली पत्रंच बरी.

बातमी अशी की बारकी कायमची घरी आली. ती ज्या कपड्यांच्या कारखान्यात होती तो बंद पडला. पण पोरगी रडत बसणारी नाही. कारखान्याच्या मोडीतल्या सहा पायमशिनी तिने उचलल्या, तेल-पाणी करून घेतलं, आणि आता शिवणाचा वर्ग काढते आहे. बारा मुलींनी नावंही दिली. हा वर्ग चालला तर बारकी स्वतःच्या पायावर उभी राहील, नाही तर पुन्हा कुणाच्या तरी दारात नोकरी मागत फिरणं आलं.

आणि वर्ग कुठे, सांगू? तू बांधलेल्या पोटमाळ्यावर! बावीस वर्षं झाली, पण फळी हललेली नाही. मी आल्यागेल्याला सांगते, माझ्या भावाचा हात आहे तो. गाडी गाठायला धावत सुटलास, तरी त्या घाईत बहिणीसाठी एकोणीस खुंट्या ठेवून गेलास. जिन्याच्या बाजूच्या त्या जाड पट्टीवर ओळीने लावलेल्या, एकाखाली एक दोन डोकी असलेल्या. खालचं डोकं लाकडाला टेकलेलं, वरचं बोटाच्या पेराएवढं बाहेर. काही अडकवा, घसरून म्हणून पडत नाही. पिशव्या, छत्र्या, किल्ल्या, चाळण्या, सगळा संसार माझा त्यांवर टांगलेला आहे. मला अजून चार हव्या होत्या. तुझ्या दाजींना दुकानात पाठवलं, तर अर्धा दिवस फिरून रिकाम्या हाताने आले. म्हणाले, मिळत नाहीत. आणून तरी काय करणार होते म्हणा! कॅलेंडर लावायला गेले तेव्हा भिंतीचा पोपडा कॅलेंडरएवढा पाडला होता, आठवतं ना? त्यांना जाऊन तीन वर्षं होतील आता. तो पोपडा मी अजून भरलेला नाही.

महिनाअखेरीस, अठ्ठावीसला, मशिनी वर चढणार. मामाचा आशीर्वाद हवा, बारकी म्हणते.

तुझी ताई

*

ता. १२ जानेवारी

ताई,

इथूनच पाया पडतो. बारकीचं वाचून बरं वाटलं. पोरगी तुझ्यावर गेली आहे.

एक सुचवू का? वर्ग खालच्या खोलीत घ्या. शिवणाला उजेड लागतो, माळ्यावर एकच खिडकी. जिनाही अरुंद आहे, मुलींची चढउतार, कुणाचा पाय घसरायचा. मशिनी जड असतात. सामान वर नेणं म्हणजे नसता उपद्व्याप.

मी ठीक आहे. आता फोरमन म्हणतात मला, म्हणजे हातोडी दुसऱ्यांच्या हातात आणि बोलणी माझ्या तोंडात. नवी पोरं येतात, त्यांना वाटतं खिळा म्हणजे खिळा. त्यांना बसवून सांगावं लागतं की बाबांनो, चपलेचा खिळा वेगळा नि चौकटीचा वेगळा. खिळा फळीच्या जाडीच्या तिप्पट लांब घ्या, दोन हिस्से खालच्या लाकडात गेले पाहिजेत. फळीच्या टोकाशी ठोकायचा असेल तर आधी त्याचं टोक हातोडीने बोथट करा. अणकुचीदार टोक पाचरीसारखं शिरतं आणि लाकूड चिरतं, बोथट टोक वाट चेपत जातं. मी माळा बांधत होतो तेव्हा दाजी कचेरीतून आले की माझ्याजवळ स्टुलावर बसायचे. "चांगलं टोक मोडता कशाला हो?" म्हणून विचारायचे. त्यांना सुतारकाम मी काय शिकवणार, पण एवढी एक गोष्ट शिकवली. फार कौतुक वाटलं होतं त्यांना.

तर तेवढं खाली घेण्याचं मनावर घे.

तुझा धाकटा

*

ता. १९ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र वाचून बारकी नि मी पोट धरून हसलो. उजेड नाही म्हणे! तीन दिवे लावलेत वर. जिना अरुंद म्हणे! मग मी बावीस वर्षं वर काय उडत जात होते? खालच्या खोलीत माझी खाट, कपाट आणि मी. सहा मशिनी काय माझ्या अंगावर ठेवायच्या?

कळलं मला तुझं. कौतुक केलं की तू लहानपणापासून असाच आक्रसतोस. शाळेत बक्षीस मिळालं तर बाकाखाली लपला होतास. स्वतःच्या कामाला दृष्ट लागेल असं वाटतं ना? नाही लागत. बारकीने तर पाटी रंगवून आणली आहे, 'मामाचा माळा, शिवणवर्ग'. निळ्यावर पिवळी अक्षरं. अठ्ठावीसला दोन हमाल सांगितलेत. फळ्यांना कालच तेल दिलं.

खिळ्यांचं पुराण मात्र आवडलं. लिहीत जा.

ताई

*

तार. ता. २४ जानेवारी

मशिनी वर नेऊ नका. माळ्यावर कुणी चढू नका. मी खुशाल. पत्र मागोमाग.

*

ता. २४ जानेवारी

ताई,

तार मिळाली असेल. आता आडपडदा नको.

त्या खुंट्या नाहीत.

ते दोन डोक्यांचे खिळे आमच्या सेंटरिंगच्या कामाचे. काँक्रीट ओतायला फळ्यांचा साचा बांधतात. काँक्रीट घट्ट झालं की साचा उकलायचा असतो, म्हणून त्या खिळ्याला दुसरं डोकं, पकडीत धरून उपटता यावं म्हणून. तो ठोकतानाच काढायचा ठरलेला असतो. अंगाने गुळगुळीत, लाकडाला फार धरून न राहणारा.

माळ्याचे आठही वासे त्या पट्टीवर टेकलेले आहेत. पट्टी तुळईला बोल्टांनी आवळायची होती आणि प्रत्येक वासा लांब, जाड खिळ्यांनी पट्टीला बांधायचा होता. त्या दिवशी मी सगळं नुसतं जागेवर धरून ठेवलं, ओळंबा-लेव्हल बघायला. सकाळी बोल्ट मारणार होतो. संध्याकाळी दाजी धावत आले. कंत्राटदाराचा निरोप होता, उद्या हजर व्हा नाही तर जागा गेली. तासाभराने गाडी. तू शिदोरी बांधत होतीस, मी करवत गुंडाळत होतो. मनाशी म्हटलं, पोचलो की लिहीन, कुणाकडून तरी बोल्ट मारून घ्या म्हणून.

पोचलो, पण मी लिहायच्या आधीच तुझं पत्र येऊन बसलं. 'एवढ्या घाईतही खुंट्या ठेवून गेलास, असा भाऊ नशिबाने मिळतो.' मी ते दहा जणांत मोठ्याने वाचलं, ताई. मग पुढे काय लिहू? या महिन्यात लिहीन, पुढच्या महिन्यात लिहीन असं करत बावीस वर्षं गेली. दर पत्रात तू त्या खुंट्यांचे आभार मानलेस आणि दर वेळी मी ते पत्र घडी घालून ट्रंकेच्या तळाशी टाकलं. इथे ते खिळे मी रोज पोत्याने बघतो. गेल्या पत्रातही जिना नि उजेड असली सोंगं केली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

घरातली ऊठबस माळ्याने सोसली ते दैव. पण सहा पायमशिनी सारख्या थरथरणार. थरथरीने गुळगुळीत खिळा सुटत येतो. खाली तू, वर बारा पोरी. चांगला मिस्त्री बोलाव, फळ्या उचलून दाखव, त्याला हे पत्र वाचायला दे. लाज माझी आहे, तू लपवू नकोस.

मला माफ कर म्हणण्याचं तोंड नाही.

धाकटा

*

ता. २ फेब्रुवारी

धाकट्या,

आधी तुझ्या तारेचं ऐक. पोस्टमन तार घेऊन आला तो मान खाली घालून. शेजारणीने तार फोडायच्या आधीच गळा काढला. मला ऐकू येत नव्हतं, पण तिचं उघडलेलं तोंड दिसत होतं. 'मी खुशाल' वाचेपर्यंत अर्धी गल्ली दारात. बारकीने वाचून दाखवल्यावर त्यांची थोडी निराशाच झाली. हमाल परत पाठवले. मशिनी अंगणात ताडपत्रीखाली आहेत. मुलींना आठवडाभर थांबा म्हटलं, त्यातल्या दोघी दुसऱ्या वर्गाला गेल्या. बारकीने पाटी खाटेखाली सारली.

मग तुझं पत्र आलं. खोटं कशाला बोलू, मी तुझ्यावर अशी चिडले की दोन दिवस पिशव्या जमिनीवर ठेवल्या. त्या माळ्याखाली मी रोज स्वयंपाक केला. त्यावर बारकी परीक्षेचा अभ्यास करायची. एक ओळ लिहायला तुला काय झालं होतं? मी खुंट्यांचं कौतुक केलं म्हणून? अरे, मी तुझी बहीण, गावाची सभा नव्हे!

पण आता पुढचं वाच, कारण मला ते उलगडत नाही.

मिस्त्री आला. म्हातारा माणूस आहे, कामाला नेक. त्याला तुझं पत्र दिलं. वाचून त्याने तोंड वाकडं केलं, चार फळ्या उचलल्या आणि आत डोकं घातलं. मग डोकं बाहेर काढून हसायलाच लागला. बारकीने मला लिहून दाखवलं तो काय म्हणाला ते: "बाई, तुमचा भाऊ म्हणतो इथे खिळे नाहीत. इथे तर खिळ्यांच्या दुकानात भूकंप झालाय."

प्रत्येक वाशाच्या बुडाशी खिळेच खिळे. वरून दिसत नाहीत, खालूनही नाहीत. फळी उचलल्याशिवाय कळायचं नाही. वाकडे, तिरके, एकावर एक. पट्टीतून तुळईत आरपार घालून मागच्या अंगाला टोकं दुमडलेली. दोनशेच्या वर मोजले त्याने. म्हणाला, "हे सुताराचं काम नाही. पण ज्याने केलं त्याने सोडलं नाही. यातला एकेक खिळा चुकीचा, पण सगळे मिळून हत्तीला धरतील." मशिनींसाठी मात्र बोल्ट हवेतच म्हणतो. भिंतीकडच्या कोपऱ्यात हातोडी फिरवायला जागाच नाही, त्याला स्वतःला तिथे अंगाची घडी करावी लागली. आणि सगळ्यात दाट खिळे नेमके तिथेच.

हे तूच केलंस का? करून विसरलास? काढलेल्या खिळ्यांतला प्रत्येक जातीचा एकेक डब्यात घालून पाठवते. तू खिळ्यांची भाषा वाचतोस ना? मग वाच आणि मला सांग.

राग गेलेला नाही. पण तार केलीस, तेवढं बरं केलंस.

ताई

*

ता. १० फेब्रुवारी

ताई,

डबा परवा मिळाला. कामावर सुट्टी टाकली आणि खिळे टेबलावर मांडून बसलो.

हे मी केलेलं नाही. करणाऱ्याला खिळ्यांतलं काही कळत नव्हतं, हे पहिल्याच नजरेत दिसतं. पसरट डोक्याचा आखूड खिळा आहे ना, तो छपरावरचा डांबरी कागद धरायचा. माळ्याला त्याचा काय उपयोग? वॉशर घातलेला, पिळाचा, तो पत्र्याचा. काळा कुळकुळीत, मधोमध तुटलेला, तो स्टील खिळा, काँक्रीटच्या भिंतीचा. लाकडात त्याची गरज नाही, आणि वाकवायला जावं तर तो वाकत नाही, मोडतो. हा कुणीतरी वाकवायला बघितला. बिनडोक्याचा बारीक खिळा फोटोच्या चौकटीला, लाकडात बुडून दिसेनासा होतो. पांढरा जस्ताचा खिळा उघड्यावरच्या कामाला, गंजत नाही. तो यू आकाराचा तर कुंपणाच्या तारेसाठी! बहुधा दुकानदाराला म्हणाला असेल, सगळ्यात मजबूत कुठला? दुकानदाराने दर खेपेला जो खपत नव्हता तो दिला असेल.

एक मात्र बरोबर सापडला त्याला. अंगावर वळ्या असलेला. तो खरा माळ्याच्या फळ्या धरायचा, एकदा शिरला की लाकूड फाटेल पण निघणार नाही. तुझ्या डब्यातल्या त्या खिळ्याला अजून लाकडाचा तुकडा चिकटलेला आहे.

हे सगळं मी मजेत वाचत होतो. मग टोकं बघितली.

ताई, प्रत्येक खिळ्याचं टोक बोथट केलेलं आहे. हातोडीने चेपून, ठोकायच्या आधी. पत्र्याच्या खिळ्याचंसुद्धा, जिथे काही कारण नाही तिथेही. त्या स्टील खिळ्यावर हातोडीचे सात-आठ ओरखडे आहेत, चेपत नव्हता तरी चेपायला बघितलेला. कुणीतरी एकच नियम शिकला होता आणि तो दोनशे वेळा पाळला. तो नियम त्या घरात मी एकाच माणसाला शिकवला होता.

मग कोपऱ्याचं आठवलं. भिंत उजव्या हाताला येते, तिथे तुझा मिस्त्री नि मी दोघेही अडणार. डाव्या हाताने ठोकणाऱ्याला मात्र ती जागा ऐसपैस. दाजी जेवायचे उजव्या हाताने, पण बाकी सगळं डाव्या हाताने करायचे.

मी गेल्यावर वर्षभराने त्यांचं मला एक पत्र आलं होतं. ट्रंकेतून काढून पुन्हा वाचलं. 'तुमची ताई तुमच्या खुंट्यांचं कौतुक सांगत असते, तिला सांगू द्यावं. माळा पक्का आहे. कसलीही काळजी नसावी, नोकरी सोडून यायचं कारण नाही.' तेव्हा वाचून वाटलं, बिचाऱ्यांना काही माहीत नाही, आणि मी अधिकच मेल्याहून मेला झालो. त्यांना सगळं माहीत होतं, ताई. ते मला सांगत होते, मी सगळं निस्तरलंय. मलाच वाचता आलं नाही.

गेली एकवीस वर्षं मी ज्या भीतीने झोपेतून उठायचो, ती भीती त्या माणसाने कधीच ठोकून बंद केली होती. आणि आपण त्यांच्या कॅलेंडरवर हसत होतो. त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटतं, तर पाय कुठे शोधू?

धाकटा

*

ता. २१ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र बारकीने वाचून झाल्यावर माझ्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी दोनदा वाचलं.

आता सगळं जुळतं. मी त्यांना चार खुंट्या आणायला पाठवलं होतं ना? मासल्याला एक खिळा उपटून बरोबर दिला होता. दुकानदाराने सांगितलं असणार काय आहे ते. म्हणून अर्धा दिवस लागला आणि म्हणून रिकाम्या हाताने आले. तो उपटलेला खिळा तेवढा परत जागेवर बसवून दिला, आणि चेहऱ्यावर काही नाही.

त्यानंतर मी नणंदेच्या बाळंतपणाला महिनाभर गेले होते. परत आले तर त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा काळानिळा. "दारात सापडला," म्हणाले. मी मलम लावत लावत वर बोलले, "दार सरळ लावता येत नाही, खिळा सरळ ठोकता येत नाही, तुम्हाला येतं तरी काय?" हसले नुसते. शेजारणीला परवा विचारलं, तर ती म्हणते, हो, महिनाभर रोज संध्याकाळी ठोकाठोक चालायची. तिने विचारलं तर म्हणाले होते, माळ्यावर उंदीर मारतोय. दोनशे उंदीर!

मिस्त्री का नाही बोलावला, तेही कळतं मला. मिस्त्री आला असता तर मला कळलं असतं, माझ्या भावाने काम अर्धवट टाकलं. तू नोकरी सोडून धावत आला असतास. आणि मी खुंट्यांचं कौतुक बंद केलं असतं. म्हणून मी परतल्यावरही माझ्या पिशव्या जिथल्या तिथे टांगलेल्या होत्या.

तुझ्यावरचा राग गेला, धाकट्या. ज्याला रागवायचा हक्क होता तोच रागावला नाही, तर मी कोण? आणि खरं सांगू, मी त्या खुंट्यांसाठी तुझे इतकी वर्षं आभार मानले त्यातला एक शब्द मी परत घेत नाही. तू मनात आणलं नव्हतंस, तरी सोय तुझ्याच हातून झाली. बावीस वर्षं माझी छत्री कधी हरवली नाही.

मिस्त्रीने सोळा बोल्ट मारले, पट्टी आवळली. दाजींचे खिळे सगळे काढायला सांगत होता, बोल्टांना अडतात म्हणून. निघाले तेवढे काढले. कोपऱ्यातले ते वळ्यांचे मात्र निघेनात. पकडीला लोंबकळला म्हातारा. शेवटी म्हणाला, लाकूड फाटेल, राहू देत. मी म्हटलं, राहू देतच. खुंट्याही काढायच्या नाहीत असं बजावलं. आता त्यांच्यावर माळ्याचा भार नाही, फक्त माझ्या पिशव्यांचा.

सोमवारपासून वर्ग सुरू झाला. दुसरीकडे गेलेल्या दोघी परत आल्या, बारा झाल्या. पाटी लागली. 'मामाचा माळा' तसंच ठेवलं आहे, बारकीने खाली बारीक अक्षरांत 'दुरुस्ती: बाबा' एवढं घातलं.

तू आता ये. रजा काढ. आणि येताना ते दोन डोक्यांचे खिळे चार घेऊन ये. मी मागितले त्याला एकवीस वर्षं झाली, अजून आलेले नाहीत.

एक शेवटचं. मला मशिनींचा आवाज ऐकू येत नाही, पण स्वयंपाकघरातल्या तुळईला हात लावला की सहाही कळतात. कोण हळू चालवतेय, कोण घाईत आहे, सगळं तळव्यात येतं. काल दुपारी तशीच हात लावून उभी होते, त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली. आयुष्यभर त्यांना मी 'अहो, इकडे या, अहो, तिकडे जा' एवढंच म्हटलं. आभार कधी मानले नाहीत, नवऱ्याचे कुणी मानतं का? म्हटलं, आता ऐकायला कुणी नाही, मनातल्या मनात म्हणून टाकावं. म्हटलं, "अहो, फार केलंत हो माझ्यासाठी."

एकदम तुळई गप्प झाली. सहाच्या सहा मशिनी थांबल्या. मला वाटलं दिवे गेले. वर बघते तर जिन्यात बाराही मुली डोकावतायत, आणि पुढे बारकी, डोळे पुसत. मनातल्या मनात म्हणून मी केवढ्याने ओरडले होते कुणास ठाऊक!

मी हाताने खूण केली, चालू द्या. मग हळूहळू तळव्यात एक मशीन आली, दुसरी आली, सगळ्या आल्या.

तुझी ताई